मेंढरं गेली त्या दरीत

दिवस पहिला: ऋषिकेश ते जोशीमठ

पहाटे पाचला ऋषिकेश सोडलं. अंतर अडीचशे किलोमीटर, पण सगळं वळणांचं, आणि ऑगस्ट असल्यामुळे दरडींचंही. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे एकेक संगम मागे पडत गेले. पिपलकोटीच्या पुढे दगडमाती हटवेपर्यंत दोन तास गाडी जागेवर उभी होती. ताई झोपली. मला झोप येत नव्हती.

माझं माहेर कासच्या पठाराखालचं. आजोबांची म्हसरं पावसाळ्यात सड्यावर चरायला जायची, आणि त्यांच्या मागे मीही. २०१२ मध्ये कास जागतिक वारशाच्या यादीत गेलं, गर्दी वाढली, लोखंडी जाळीचं कुंपण आलं आणि गुरं बाहेर राहिली. पुढे काही वर्षांतच गावातली जुनी माणसं म्हणायला लागली, "गवत माजलं, फुलं दबली." बाहेरून येणाऱ्यांना ते पटायचं नाही. गुरं फुलं तुडवतात, तेव्हा गुरं नसली की फुलं वाढणारच, असं त्यांचं सरळ गणित. आमच्या घरात यावर किती वाद झाले असतील! हिमालयातल्या फुलांच्या दरीत हाच प्रयोग १९८३ पासून चालू आहे, तिथे चाळीस वर्षांत मेंढी चरलेली नाही, असं वाचलं त्या दिवशीच ठरवलं की आपण जाऊन बघायचं.

जोशीमठाला (आता अधिकृत नाव ज्योतिर्मठ) पोचायला अंधार पडला. इथून एक फाटा नीती दरीकडे जातो. १९७४ मध्ये त्याच दरीतल्या रेणी गावच्या बायका झाडं वाचवायला जंगलात उभ्या राहिल्या. पुढे नंदादेवीचं जंगल राष्ट्रीय उद्यान झालं आणि गावकऱ्यांचं तिथलं जाणं-येणं, चराई, सगळं बंद झालं. १९९८ मध्ये शेजारच्या लाता गावची माणसं 'झपटो-छीनो' (झडप घाला, हिसकावून घ्या) अशी हाक देत आपले हक्क मागायला त्याच जंगलात शिरली. चिपको आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात असतं. झपटो-छीनो मात्र मी इथे यायची तयारी करताना पहिल्यांदा वाचलं.

दिवस दुसरा: गोविंदघाट, पुलना, घांघरिया

गोविंदघाटहून पुलन्यापर्यंत चार किलोमीटर जीप जाते. तिथून घांघरियापर्यंत दहाएक किलोमीटर चढ. वाट फरसबंद आहे, आणि हेमकुंडाला जाणाऱ्या शीख यात्रेकरूंमुळे दिवसभर वाहती असते. खेचरांना वाट देत, घंटांचे आवाज ऐकत चढत राहायचं.

वाटेत भ्यूंडार गाव लागतं. जून २०१३ च्या पुरात नदीने या गावाची फार नासधूस केली. एका चहाच्या टपरीवर टेकलो. टपरी एका सुनेची, आणि बाजूला लोकर कातत बसलेले तिचे सासरे. वय सत्तरीच्या पुढे. इकडे वडिलांच्या थोरल्या भावाला बोडा म्हणतात, म्हणून सगळ्यांसारखं आम्हीही त्यांना बोडाजी म्हणायला लागलो.

मी विचारलं, "बोडाजी, तुम्ही वर मेंढ्या नेल्यात का कधी?"

त्यांच्या हातातली टकळी थांबली. "दहा वर्षांचा होतो तेव्हापासून. बंदी आली तोवर."

सांगत होते की बर्फ वितळलं की कळप वर जायचा, आणि तोही एकदम नाही. आधी भोजपत्राच्या झाडांखाली, मग दरीच्या तळात, मग बर्फाच्या मागे मागे वर वर, आणि सप्टेंबरात त्याच क्रमाने खाली. ऐकताना मला आमच्याकडचे धनगर आठवले. दिवाळीनंतर देशावरून कोकणाकडे निघणारे, कुणाच्या शेतात किती रात्री मेंढ्यांचा वाडा बसवायचा हे पक्कं ठरवून चालणारे.

"उद्या तुम्ही दोघी बघून या," बोडाजी म्हणाले. "परवा मी घांघरियाला येतोय, मग बरोबर जाऊ. आधी तुमच्या डोळ्यांनी बघा, नंतर माझ्या."

घांघरिया समुद्रसपाटीपासून ३,००० मीटरच्या थोडं वर. रात्री पाऊस, दोन रजया.

दिवस तिसरा: दरी

गावाच्या पुढे थोड्याच अंतरावर वाट फुटते. उजवी हेमकुंडाला, डावी दरीत. डाव्या वाटेला वन विभागाची चौकी आहे. तिथे नाव लिहायचं, तिकीट काढायचं, संध्याकाळच्या आत परत यायचं. आत मुक्काम नाही, खेचर नाही. ६ सप्टेंबर १९८२ ला ही दरी राष्ट्रीय उद्यान झाली. क्षेत्र ८७.५ चौरस किलोमीटर, त्यातला बराचसा भाग बर्फ आणि कडे. २००५ मध्ये तीही जागतिक वारशात गेली.

पुष्पावती नदीवरचा पूल ओलांडला की दमवणारा चढ आहे. भोजपत्राची सालपट निघालेली झाडं, खाली नेच्यांची गर्दी. मग एका वळणावर झाडं संपतात आणि दरी उघडते.

खरं सांगते, पहिल्यांदा मन खट्टू झालं. चित्रांत पाहिलेला गुडघ्याखालचा रंगीत गालिचा मी शोधत होते, आणि समोर होतं माझ्या खांद्याला लागणारं रान. दोन्ही बाजूंनी गुलाबी तेरडा, आपल्या तेरड्याचाच हिमालयातला भाऊबंद, पण माणसाएवढा उंच. आणि त्याच्याही पलीकडे उतारच्या उतार भरून एकच झुडुपासारखी वनस्पती: लांबट पानं, लालसर देठ, पांढऱ्या फुलांचे तुरे. हाच तो अमेला. शास्त्रीय पुस्तकांत याला पॉलिगोनम पॉलिस्टॅकियम म्हणतात. आपल्या आंबट चुक्याच्याच कुळातला. कोवळ्या पानाचा तुकडा चघळून बघितला, खरंच आंबट! नावातच आंबटपणा आहे.

मी वाकून अमेल्याची दाटी हातांनी बाजूला केली. खाली अंधार, ओल, कुजकी पानं, आणि एखादं फिकट पडलेलं जिरेनियमचं रोप. दहा पावलांवर नदीच्या बाजूला खडकाळ तुकडा होता, तिथे अमेला नव्हता. तिथे मात्र एका पंचाच्या आकाराच्या जागेत मी अकरा वेगवेगळ्या वनस्पती मोजल्या: लाल पोटेंटिला, बिस्टॉर्टाची गुलाबी कणसं, पिवळी पेडिक्युलॅरिस, आणि नावं माहीत नसलेल्या कितीतरी. ताईने छत्री धरली होती, मी चिखलात गुडघे टेकून मोजत होते.

थोडं पुढे कामगारांची टोळी दिसली. विळ्याने अमेला कापायचा, मुळं उपटायची, ढीग करायचे. वन विभाग दर हंगामात हे करून घेतो. एका पोराला विचारलं, परत येत नाही का? त्याने जमिनीखालचा बोटाएवढा जाड कंद ओढून दाखवला. "हा एवढासा तुकडा राहिला तरी पुढच्या साली इथेच असतो."

हा अमेला परदेशी नाही, हे आवर्जून सांगायला हवं. घाणेरीसारखा बाहेरून आलेला नाही. तो इथलाच, हिमालयाचा. दरीत तो आधीही होता. फक्त इतका नव्हता.

फ्रँक स्माइथ १९३१ मध्ये ७,७५६ मीटरचं कामेट शिखर सर करून परतताना भ्यूंडार खिंडीतून या दरीत उतरला, आणि १९३७ मध्ये फुलांसाठी मुद्दाम परत आला. जगाला दरी कळली ती त्याच्यामुळे. त्याने पाहिलेली दरी माणसाचा हात न लागलेली होती, असा आपला समज असतो. पण तेव्हा गावांचे कळप दर उन्हाळ्यात इथे येत होते. मेंढ्या चरत होत्या त्या काळात तिला हे नाव पडलं, ही गोष्ट चौकीवरच्या फलकावर मला कुठे दिसली नाही.

दिवस चौथा: पुन्हा दरी, बोडाजींबरोबर

सकाळी सातलाच निघालो. बोडाजी माझ्या दुप्पट वेगाने चढत होते, आणि मी मागे राहिले की थांबून डोंगराकडे बघत उभे राहत होते.

बामणधौडच्या मोठ्या झुकत्या कातळाखाली ते बसले. "इथे पाऊस लागला की सगळे पालसी गोळा व्हायचे." पालसी म्हणजे मेंढपाळ. मग त्यांनी काठीने समोरच्या उतारावर एक चौकोन काढून दाखवला. नीट बघितल्यावर मलाही दिसला: त्या चौकोनात अमेला सगळ्यात उंच, सगळ्यात दाट, आणि कडेला आपल्या चुक्यासारखी मोठ्या पानांची रोपं. "ही आमची मेंढ्या बसवायची जागा. चाळीस वर्षं झाली, अजून खत आहे तिथे."

मला त्या क्षणी बरंच काही लख्ख दिसलं. मेंढी दिवसभर डोंगरभर चरते आणि रात्री एका जागी बसते. म्हणजे सगळ्या डोंगराचं सत्त्व ती लेंडी-मुताच्या रूपाने एका चौकोनात आणून टाकते. बाकी उतार त्यामुळे थोडे हलके राहतात, आणि हलक्या जमिनीत बारकी, हळू वाढणारी फुलझाडं तग धरतात. मुक्कामाची जागा मात्र जड होते, आणि अमेल्यासारखं खादाड झाड तिथे माजतं. कळप येत होता तोवर खुरांखाली आणि दातांखाली तोही आटोक्यात राहायचा. कळप थांबला, खत तसंच राहिलं, आणि अमेल्याला मोकळं रान मिळालं.

"कोवळा असताना मेंढी खायची का तो?"

"जूनमध्ये बर्फाखालून लाल कोंब निघाला की आधी त्यावरच पडायची. नंतर निबर झाला की तोंड लावायची नाही."

यात सगळी मेख आहे. गवताचा वाढता कोंब जमिनीलगत असतो, वरून खुडलं तरी ते खालून परत येतं. अमेल्याचा आणि तेरड्याचा शेंडा वर असतो. जूनमध्ये तो खुडला गेला की त्या वर्षाची उंची गेली. इथे वाढीला मिळतात जेमतेम चार-पाच महिने, त्यात पुन्हा उंच व्हायला सवड कुठे? कंदातली शिदोरी दर साली थोडी खर्ची पडते. उंच झाडं वाकलेली राहिली की ऊन जमिनीपर्यंत पोचतं, आणि खुरांनी उकरलेल्या बोटभर मातीत बी रुजतं.

पण मी एकाच बाजूचं ऐकायला आले नव्हते, म्हणून बोडाजींना सरळ विचारलं, "मेंढ्यांनी काहीच नुकसान केलं नाही?"

ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "केलं. शेवटी शेवटी खालून परक्यांचेही कळप यायला लागले. एका जागी आठ-आठ दिवस. माती सुटायची. आणि मेंढीपेक्षा माणसाने जास्त केलं. कुटकी, अतीस, हत्ताजडी, सगळ्या जडीबुटी खणून न्यायचे. चुलीला भोजपत्र तोडायचे."

याला पुष्टी देणाऱ्या जागा मी नंतर पाहिल्या. फार चराई झालेल्या बुग्यालात, म्हणजे डोंगरावरच्या उघड्या कुरणात, खाण्याजोगं संपत जातं आणि उरतं ते मेंढी ज्याला तोंड लावत नाही ते: काटेरी, विषारी, कडू. तेव्हा १९८२-८३ चा निर्णय घेणाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर उखणलेली दरी होती. दरीत सुमारे ५२० वनस्पतींची नोंद आहे, त्यातल्या कितीतरी औषधी आज सुरक्षित आहेत त्या याच बंदीमुळे. अभ्यासकांतही एकमत नाही. काहींनी अमेल्याचा दोष थेट चराईबंदीला दिला. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थानातल्या संशोधकांनी नव्वदच्या दशकात दरी पिंजून काढली, आणि त्यांना अमेला मुख्यतः जुन्या मुक्कामांच्या जागी, हिमस्खलनाच्या आणि ढासळत्या उतारांवर दिसला. सगळी दरी त्याने गिळली आहे असं नाही. माझ्या मोजणीतही खडकाळ तुकड्यांवर फुलांची रेलचेल होतीच.

शिवाय काळाचाही भाग आहे. प्रिम्युला, ॲनिमोन ही जून-जुलैची फुलं अमेला डोकं वर काढायच्या आत फुलून मोकळी होतात. मी ऑगस्टमध्ये आले, म्हणून मला उंच रानच जास्त दिसलं. जूनमध्ये आले असते तर कदाचित हेच लिखाण जरा वेगळं झालं असतं.

तरीही माझं मत सांगते. बंदी घालताना ज्यांना विचारायला हवं होतं त्यांना विचारलं गेलं नाही. किती मेंढ्या, कोणत्या महिन्यात, एका जागी किती रात्री, हे तीन प्रश्न पालसी पिढ्यानपिढ्या सोडवत आले होते. त्यांच्याच मदतीने कळप कमी करता आला असता, परके कळप थांबवता आले असते, मुक्काम फिरते ठेवता आले असते, आणि जडीबुटी खणणं कडकपणे बंद करता आलं असतं. त्याऐवजी फाटकच लावलं. मेंढी जूनमध्ये जे काम दातांनी करायची ते आता पगारी माणसं ऑगस्टमध्ये विळ्याने करतात, आणि विळा चराईइतका नेमका नाही.

दुपारी जोन मार्गरेट लेगच्या थडग्यापाशी गेलो. १९३९ मध्ये ही बाई फुलं गोळा करायला विलायतेहून इथे आली आणि कड्यावरून घसरून गेली. थडग्याभोवतीचं रान साफ केलेलं होतं. बोडाजींनी चप्पल काढून हात जोडले. त्यांच्या वडिलांच्या पिढीने तिला पाहिलेलं होतं.

परतताना त्यांनी पलीकडच्या उंच उताराकडे बोट केलं. डोळे ताणून बघितल्यावर सात-आठ करडे ठिपके हलताना दिसले. भरल, डोंगरातली रानटी मेंढी. "हे अजून चरतात. पण थोडे, आणि वरच."

दिवस पाचवा: हेमकुंड

सहा किलोमीटर खडा चढ, ४,००० मीटरच्या वर. धाप लागते, पाय भरून येतात, आणि वर धुक्यात एकदम ते गोठल्यासारखं तळं समोर येतं. गुरुद्वारात गरम खिचडी आणि चहा मिळाला. देणाऱ्या हातांनी 'अजून घ्या' म्हणत दोनदा वाढलं.

शेवटच्या चढावर वाटेच्या कडेला कातळांत ब्रह्मकमळं होती. फिकट हिरवट, कागदासारख्या, पाकळ्यांसारख्या दिसणाऱ्या पानांच्या आत जांभळी फुलं मिटून बसलेली. वेडीवाकडी, कड्यासारखी जागा, मेंढीचं खूरही टेकणार नाही अशी. जवळच निळी हिमालयी पॉपी, काटेरी देठांची. चरणाऱ्या जनावरांशी यांचा संबंध नाही असं वाटतं, पण ती टिकली आहेत ती अशाच दुर्गम जागी, हेही खरं. एकाच डोंगरात काही फुलांना खूर हवा असतो आणि काहींना खुरापासून दूरची कपार.

दिवस सहावा: उतरण

घांघरियाहून पुलना, गोविंदघाट, जोशीमठ, आणि संध्याकाळी जीपने औली. भ्यूंडारला बोडाजींच्या सुनेने चहाचे पैसे घेतले नाहीत. बोडाजींनी कातलेल्या धाग्याची एक गुंडी ताईच्या हातात ठेवली. लोकर कुठून आणता विचारलं, तर म्हणाले, "विकत."

दिवस सातवा: गोरसों बुग्याल

हा दिवस आधी बेतात नव्हता, मुद्दाम वाढवला. चाळीस वर्षं बंद असलेली जमीन पाहिली होती, आता चालती जमीन बघायची होती.

औलीहून तासा-दीड तासाची वाट आहे. ओक आणि सुरूसारख्या झाडांचं जंगल संपलं की उघडा, गोलसर, हिरवा बुग्याल. धुकं फाटलं तेव्हा क्षणभर नंदादेवी दिसली. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांत पर्यटकांचा रात्रीचा मुक्काम बंद केला, व्यापारी चराईही बंद केली. स्थानिक मेंढपाळांना मात्र मुभा ठेवली. तसा एक कळप तिथे होता. दीडशेएक मेंढ्या, थोड्या शेळ्या, आणि काटेरी पट्टा गळ्यात घातलेला केसाळ भोटिया कुत्रा. त्याने आम्हाला पन्नास पावलांवर अडवलं. पालसीने शीळ घातली, मग तो आडवा झाला.

इथलं गवत घोट्याएवढं. दुरून नुसती हिरवी चादर, बसून बघितलं की भरगच्च वस्ती. जमिनीला चिकटून पसरलेली पोटेंटिला, बोटभर जेंशियन, बिस्टॉर्टा, रानटी स्ट्रॉबेरीची पानं. दरीत मोजलं तसंच पंचाएवढ्या जागेत मोजलं: चौदा. पण उंच फुलं जवळपास नव्हतीच. आणि एका बाजूच्या उतारावर, जिथे जनावरं रोज एकाच वाटेने पाण्यावर जातात, तिथे गवताची सालपटं निघून काळी माती उघडी पडली होती. पाऊस ती घेऊन चालला होता. काटेरी मोरिना तेवढी कडेकडेने उभी. चौदा वनस्पती आणि ती उघडी माती यांच्यात शंभर पावलांचंही अंतर नव्हतं.

पालसी तरुण होता, तिशीचा. मी त्याला विचारलं, इथे किती दिवस?

"आज पाचवी रात्र. उद्या वर जाणार."

"का? इथे अजून गवत आहे."

"आहे तोवरच निघायचं असतं, दीदी."

कळप उठला. एक मेंढी आमच्या अगदी जवळून गेली, तिच्या पोटाखालची लोकर चिकट बियांनी भरून गेली होती. त्याने तिला धरलं, बोटांनी एक गुंता सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. आकड्यांची बारीक बोंडं, केसाळ कुसळं, एक चपटी काळी बी. तीन-चार तरी वेगवेगळ्या झाडांची असणार. इथून काहीही घरी न्यायचं नाही, हे ठरलेलं होतं. ताईने त्याचा फोटो काढला. मग मी त्या पाणवाटेवर गेले, उघड्या मातीत एका खुराच्या ठशात तो गुंता ठेवला आणि वर चिमूटभर माती लोटली. कळप तोवर कड्याआड गेला होता, कुत्रा तेवढा वळून बघत थांबला होता.